आधी हाताला कळू द्या

पोरांनो, दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीवरचा गेम करायला बसला आहात, म्हणून चार गोष्टी सांगतो. मी शिंप्याच्या घरात वाढलो आणि नंतर वीस वर्षं गेममधले गणवेश केले. वडिलांनी दुकानात शिकवलेलं पडद्यावरही तसंच लागू पडतं.

माउसआधी कापड हातात घ्या. ब्रिटिश आणि भारतीय पलटणी इटलीत थंडीत लोकरी सर्जचा बॅटलड्रेस घालत, उन्हाळ्यात सुती खाकी ड्रिल. दोन्हींची वीण तिरकी, ट्विलची. पण सर्जवर बारीक लव असते. तिरपा उजेड आला की कडा मऊ उजळतात. त्यासाठी शीन वापरा. ड्रिलला अशी लव नाही, तिची घडी कडक बसते. जुन्या बाजारातून एक लोकरी कोट आणि एक सुती खाकी पँट आणा, खिडकीशी धरून फिरवून बघा.

रंगात सावली रंगवू नका. बेस कलर म्हणजे फक्त कापडाचा रंग. घडीतला अंधार इंजिनातल्या दिव्यांना पाडू द्या. कापड धातू नाही, म्हणून मेटॅलिक शून्यच. त्याची चमक वाढवायची असो वा मारायची, ते काम रफनेसवर करा.

धाग्याचं माप चुकवू नका. एक मीटर कापडाला २०४८ पिक्सेल दिले, तर एक पिक्सेल जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा झाला. सर्जची वीण त्यात मावत नाही. बळेच कोंबली तर गणवेशाचं गोणपाट होतं. वीण वेगळ्या डिटेल मॅपमध्ये ठेवा: पाच सेंटिमीटरचा तुकडा ५१२ पिक्सेलमध्ये, तोच पुन्हापुन्हा. लांबून ही वीण मिटते आणि कापड रेशमासारखं गुळगुळीत दिसू लागतं, म्हणून लहान मिपमॅपमध्ये रफनेस वाढवा.

उभा धागा सांभाळा. शिंपी बाही कापताना उभा धागा बाहीच्या लांबीनं धरतो. तुम्ही मात्र जागा वाचवायला यूव्हीचे तुकडे आडवेतिडवे लावता आणि बाहीवरची वीण भलतीकडे धावते. प्रत्येक तुकडा धाग्याच्या दिशेनं लावा. शिवणीवर वीण तुटलेली दिसली पाहिजे, आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित गोळा झालेलं.

झिजेला कारण हवं. कोपर, गुडघा, खिशाची कड, पट्टा घासतो तो खांदा, इथेच कापड विटतं. त्या काळचं १९३७ सालच्या पद्धतीचं वेबिंग सुती, त्याला पितळी बकलं आणि वरून ब्लँकोचा लेप. कडांवरचा लेप उडून सूत उघडं पडू द्या. पितळ मेटॅलिक, पण त्यावर चिखल बसला तेवढी जागा धातूची राहत नाही.

ओलं कापड म्हणजे नुसतं गडद कापड नव्हे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी गोळीबारात, खोल पाण्यातून, दोन खेपा करून दोन जखमी साथीदार सुरक्षित आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असा प्रसंग करायचा असेल, तर पाण्याखाली गेलेला भाग गडद करा, रफनेस उतरवा, लव चिकटली म्हणून शीनही काढा. ओल वर चढते, तिची रेघ वाकडीतिकडी ठेवा. भिजलेली लोकर जड होते, ती खाली ओढलेली दिसू द्या.

त्या पलटणीत आपल्या गावांतली माणसं होती, आणि त्यांची नातवंडं हा गेम खेळतील. म्हणून काम पुढे पाठवण्याआधी खऱ्या कापडाचा तुकडा पडद्याशेजारी धरा. दोन्हींवर सारखाच उजेड पाडून बघा. फरक दिसला, तर पुन्हा बसा.