ग्रहणांतील चंद्राचा रंग

खग्रास ग्रहणांत चंद्र पृथ्वीच्या सावलींत पूर्णपणें शिरतो. तरी तो बहुधा नाहींसा न होतां तांबडा दिसतो. ह्याचें कारण असें कीं, सूर्याचे किरण पृथ्वीभोंवतालच्या हवेंतून जातांना वांकून सावलींत शिरतात. निळा प्रकाश वाटेंत विखरतो. तांबडा तेवढा पार होऊन चंद्रावर पडतो. सूर्यास्तसमयीं वर्ध्याच्या आकाशांत जी लाली आपण पाहतों, ती ह्याच कारणानें येते. म्हणून हा रंग अरिष्टाचें चिन्ह नव्हे. तो आपल्याच हवेचा दाखला होय.

हवा स्वच्छ असल्यास चंद्र उजळ दिसतो, गढूळ असल्यास काळवंडतो. जून १९९१ मध्यें फिलिपाइन्स देशांतील पिनातुबो ज्वालामुखी फुटला. त्याचे सूक्ष्म कण उंच हवेंत दीर्घकाळ राहिले, म्हणून १० डिसेंबर १९९२ च्या पहाटेचें ग्रहण फारच काळें झालें. चंद्राच्या वाटेचाही परिणाम होतो. ३१ जानेवारी २०१८ रोजीं तो सावलीच्या मध्यापासून बाजूनें गेला व ७६ मिनिटें खग्रास राहिला. २८ जुलै २०१८ रोजीं तो जवळजवळ मध्यांतून गेला व १०३ मिनिटें राहिला. मध्यभागीं प्रकाश सर्वांत थोडा असतो.

तुलनेसाठीं फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दांजों ह्यांनीं १९२१ सालीं पांच पायऱ्या ठरविल्या:

० – चंद्र जवळजवळ दिसेनासा.
१ – काळसर, करडा किंवा तपकिरी.
२ – गंजासारखा गडद तांबडा, मध्यें फार काळा.
३ – विटेसारखा लाल, कडा पिवळसर.
४ – तांब्यासारखा किंवा नारिंगी, कडा निळसर व उजळ.

ह्यास दुर्बीण लागत नाहीं. दिवे मालवून, ग्रहणाच्या मध्यावर दोघांनीं निरनिराळें पाहून अंक लिहावा व मग ताडून पाहावा.

पुष्कळ गांवीं ग्रहणांत गरोदर बायांस उपाशी कोंडून ठेवतात. ग्रहणाच्या मंद प्रकाशानें पोटांतील बाळास कांहींच होत नाहीं. तहान-भुकेनें मात्र आईस त्रास होतो. उपदेशक बंधूंनीं अशा घरास हिणवूं नये. घरच्यांस अंगणांत बोलावून चंद्र दाखवावा. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीं, सुमारें पावणेदहापासून अकरापर्यंत, आपल्या जिल्ह्यांतून खग्रास चंद्र दिसेल. आर्वीस व हिंगणघाटास लिहिलेले अंक जुळतात काय, तें त्या रात्रीं अवश्य पाहावें.