त्र्यंबकला उतरायचं घर

त्र्यंबकेश्वर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो सगळे पाहिले. वैतरणेच्या पाण्याकाठचा तो बंगला सुरेखच आहे. समोर धरणाचं पाणी, मागे डोंगर, ओटा, शेगडी, फ्रिज सगळं हाताशी. तरीही नारायण नागबलीच्या तीन दिवसांसाठी तो घेऊ नकोस. आगाऊ पैसे भरायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. पत्र लांबेल, पण फोनवर तू कायम घाईत असतेस आणि ही गोष्ट घाईत ठरवण्याची नाही.

हा विधी तीन दिवस चालतो आणि पुरा होईपर्यंत यजमान पतिपत्नीने गाव सोडायचं नसतं. सकाळी कुशावर्तात स्नान, तिथून ओलेत्याने परत यायचं, नवं धोतर नि साडी नेसायची, मग अहिल्या-गोदावरी संगमाकडे. विधीचं सुतक असेतो देवळात जायचं नाही. तो बंगला घोटीच्या रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. विधीच्या दृष्टीने तो बसतच नाही. आणि समजा गुरुजींनी चालवून घेतलं, तरी पहाटे पाचला घाटातलं धुकं तुडवत, लेकरांना झोपेतून उठवून येणार आहात का? मार्गशीर्षातली इथली थंडी तुला माहीत नाही. कुशावर्ताच्या पायऱ्या चढून अंगावरच्या ओल्या वस्त्रानिशी बाहेर आलं की दात वाजायला लागतात, आणि तेव्हा उतरायची जागा दोन गल्ल्यांवर असली म्हणजे फार मोठा आधार वाटतो. म्हणून घर कुशावर्तापासून चालत पाच-सात मिनिटांवरचं हवं. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता स्वयंपाकाचं. तू लिहिलंस, ‘किचन असलेलंच घर हवं.’ ते का हवं ते मला पटतं. सासूबाईंना मधुमेह, बाहेरचं तेलकट चालत नाही, धाकट्याला वेळेवर वरण-भात लागतो. पण बाळा, स्वयंपाक करणार कोण? तू आणि जावईबापू विधीला बसलेले असाल. तुमचं जेवण गुरुजींच्या घरून येईल, कांदा-लसणाशिवायचं, त्यांच्या नेमाप्रमाणे. म्हणजे ओट्याशी उभ्या राहणार सासूबाई, आणि त्यांचे गुडघे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मोठं सजवलेलं स्वयंपाकघर बघून हुरळून जाऊ नकोस. त्यांना लागेल ती दोन बर्नरची शेगडी, भरलेलं सिलिंडर, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, आणि बसून भाजी चिरता येईल एवढी जागा. सकाळी लापशी नि भाकरी घरी करावी, दुपारचं जेवण गावातल्या घरगुती खानावळीतून मागवावं, रात्री मऊ खिचडी. एवढंच ठरवलंस तर लहानशी खोलीही पुरते.

आणि एक अडचण तुझ्या लक्षात आलेली नाही. पाण्याकाठचे बंगले सुट्टीला येणाऱ्या मंडळींसाठी असतात. तिथल्या अंगणात कोंबडी भाजायची शेगडी असते आणि भांडी सगळ्यांची एकच. सासूबाई तुला काही म्हणणार नाहीत, पण तीन दिवस फळांवर काढतील. मी त्यांना ओळखते.

मग उतरायचं कुठे? माझा कौल गुरुजींच्या वाड्याला आहे. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1755 साली बांधायला घेतलं आणि ते 1786 साली पुरं झालं. इथल्या काही उपाध्यांच्या घराण्यांकडे पेशव्यांचे ताम्रपट आहेत. तीर्थाला आलेला यजमान आपल्या उपाध्यांकडेच उतरणार, ही चाल तेव्हापासूनची किंवा त्याच्याही आधीची. आपल्या घराण्याची वही ज्यांच्याकडे आहे तिथे उतरलं की निव्वळ भाडेकरू म्हणून राहावं लागत नाही. मुलांना ती वही आवर्जून दाखव. गुरुजी कपाटातून आडवी बांधलेली, कापडात गुंडाळलेली जाड वही काढतात, आडनाव नि मूळ गाव विचारतात, पानं उलटत जातात. जुनी पानं मोडीत आहेत, शाई तपकिरी झालेली. मग एका पानावर बोट थांबतं आणि तुमच्या घरातलं कुणीतरी, ज्याचं फक्त नाव ऐकलेलं असतं, त्याची सही समोर येते. खाली कोण कोण बरोबर आलं होतं तेही लिहिलेलं. थोरली आता वाचते लिहिते, तिला स्वतःच्या हाताने त्या पानावर सही करू दे. दादासाहेब फाळके 1870 साली याच गावात, संस्कृत पंडितांच्या घरात जन्मले, हेही मुलांना सांग. सिनेमा म्हटलं की त्यांचे कान टवकारतील.

पण वाडा म्हणून डोळे झाकून हो म्हणू नकोस. जुन्या वाड्यांचे जिने भिंतीतले, अरुंद, उभे चढणीचे. उंबरे वीतभर उंच. संडास बऱ्याच ठिकाणी चौकाच्या पलीकडे. रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला हे झेपणार नाही. तेव्हा तळमजल्याचीच खोली माग, कमोड आहे का ते विचारायला लाजू नकोस. गुरुजींचं स्वतःचं स्वयंपाकघर सोवळ्याचं, तिथे आपण शिरायचं नाही. वेगळी शेगडी मिळेल का, खोलीत पेटवलेली चालेल का, हे आधी स्पष्ट विचार. पुष्कळ घरांनी आता मागच्या बाजूला यजमानांसाठी नव्या खोल्या काढल्या आहेत, त्यात ही सोय असते. भक्तनिवासांचं म्हणशील, तर गजानन महाराज संस्थानचं गावात शिरतानाच आहे, स्वच्छ आणि शिस्तीचं, प्रसादाच्या जेवणाचीही सोय आहे. एरवी मी तेच सांगितलं असतं. पण भक्तनिवासात खोलीत स्वयंपाक करता येत नाही, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे.

कुठलीही जागा बघताना पाण्याचं आधी विचार. इथे पावसाळ्यात डोंगरावरून पाणी कोसळत असतं. गोदावरी गावातून स्लॅबखालून वाहते आणि मोठ्या पावसात मेन रोडवर पाणी येतं. त्याच गावात उन्हाळ्यात नळाला पाणी जपून येतं. घराला टाकी किती मोठी, गरम पाणी गीझरचं की बंबाचं, वीज गेली तर काय, हे तीन प्रश्न फोनवरच विचार. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. खिडक्यांना जाळी आहे का तेही बघ. ब्रह्मगिरीची माकडं गावात बिनदिक्कत फिरतात आणि उघड्या खिडकीतून केळ्यांचा घड उचलून नेतात. सासूबाई एकट्या खोलीत असताना माकड ओट्यावर बसलेलं मला नको.

बाजाराची काळजी करू नकोस. भाजी, दूध, किराणा सगळं पायाखालच्या अंतरावर आहे. आसपासच्या पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून नागली आणि वरई घे. नागलीची भाकरी सासूबाईंना चालेल. फक्त स्वतःचा छोटा कुकर, मिसळणाचा डबा आणि नेहमीची सुरी बरोबर आण. परक्या घरातली सुरी कधी धड कापत नाही.

तारखांबद्दल माझं ऐक. मुहूर्त गुरुजी काढतील, पण त्यांनी दोन-तीन दिले तर नाताळच्या सुट्टीतला सोडून दे. वर्षअखेरीला इथे पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे भाव मनाला येतील तसे होतात. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते, त्या आठवड्यात गाव वारकऱ्यांचं असतं. फार सुंदर दिवस, पण सासूबाईंना घेऊन येण्याचे नव्हेत. शाळा बुडेल म्हणून पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नकोस. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणारी गर्दी तू पाहिलेली नाहीस. पुढे 2027 मध्ये सिंहस्थ आहे, तेव्हा तर घरच्या माणसांनाही घरात शिरताना कसरत करावी लागेल. सोमवारी पोचत असाल तर दुपारच्या आत पोचा. दुपारनंतर देवाची पालखी कुशावर्ताकडे निघते आणि त्या गल्ल्यांतून बॅगा ओढणं होत नाही. गाडी तशीही आतपर्यंत येणार नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. फोटोवर विश्वासून फोनवरून पूर्ण रक्कम पाठवायची नाही. मालकाशी बोल, व्हिडिओवर खोली, न्हाणीघर, शेगडी दाखवायला सांग. भाड्यात गॅस, अंथरूण-पांघरूण, गरम पाणी धरलंय का ते लिहून घे. गावाच्या तोंडाशी गाडीच्या काचेवर टकटक करून ‘खोली दाखवतो, पूजाही करून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे यायचं.

आणि तुझा तो बंगला? चौथ्या दिवशी घे. मनापासून सांगते. सुतक फिटलेलं असेल, तिसऱ्या दिवशी देवदर्शन झालेलं असेल, सगळे दमलेले असतील. तेव्हा पहिने ओलांडून वैतरणेकाठी जा आणि दोन दिवस निवांत राहा. जाता जाता मुलांना दाखव: ब्रह्मगिरीच्या एका अंगाला पडलेलं पाणी गोदावरी होऊन थेट बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या अंगाचं वैतरणेत उतरतं, अरबी समुद्राची वाट धरतं आणि वाटेत मुंबईची तहान भागवतं. तुम्ही मुंबईत नळ सोडता ते हेच पाणी. तिथे मात्र मोठं स्वयंपाकघर खुशाल घे, कारण तेव्हा ओट्याशी तू असशील, सासूबाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या असतील. अंधार पडल्यावर मुलांना पाण्याजवळ जाऊ देऊ नकोस. धरणाचा काठ एकदम खोल होतो.

तिथी पक्की झाली की आधी मला कळव, पैसे नंतर. गुरुजींच्या मागच्या खोल्या मी स्वतः जाऊन बघते आणि जिना, नळ, शेगडी सगळं तपासून तुला सांगते. सासूबाईंच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या आण आणि डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी ठेव. रात्री-अपरात्री काही लागलं तर नाशिक गाठावं लागतं, 28 किलोमीटर. जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी