गोली एकच असतो

बाळकुम नाक्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, कोलशेत रोडच्या कारखान्यांच्या जागी टॉवर आले, तरी आमच्या माळ्यावरची एक गोणी जागची हललेली नाही. तीत माझे गोलकीपरचे पॅड आहेत. नोकरीत होतो तेव्हा कंपनीच्या हॉकी टीमचा मी गोली. भाची नववीत आहे, सोसायटीच्या रिंकवर रोलर हॉकी खेळते. त्या संध्याकाळी ती तोंड पाडून आली आणि स्केट्ससकट सोफ्यावर बसली. मामी ओरडायच्या आत तिने तोंड उघडलं.

भाची : मामा, सरांनी मला गोलमध्ये टाकलं.

मी : मग?

भाची : मग काय! ज्याला खेळता येत नाही त्यालाच गोली करतात. तुलाही तसंच केलं होतं ना?

मी : हो. मी जाडा होतो. पण तू मोबाईलवर आइस हॉकीच्या मॅच बघतेस ना? तिथे कच्च्या स्केटरला गोलमध्ये उभं करून बघ. पंधरा-वीस किलोचं सामान अंगावर, त्यात आडवं सरकायचं, खटकन थांबायचं, गुडघ्यांवर पडायचं आणि पडल्यापडल्या उठायचं. टीममधलं सगळ्यात नीट स्केटिंग त्यालाच यावं लागतं.

भाची : पण तो तर अख्खा गोल अडवून बसलेला दिसतो.

मी : गोल केवढा, सांग. सहा फूट रुंद, चार फूट उंच. आजीचा पलंग कुशीवर उभा केला तर तेवढाच होईल. त्यात पॅड घातलेला माणूस. तरी गोल होतात.

भाची : का?

मी : पकमुळे. रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच व्यासाची. मॅचच्या आधी ती फ्रीझरमध्ये ठेवतात.

भाची : कुल्फीसारखी?

मी : कोमट रबर उसळतं. गोठवलं की बर्फावरून सपाट घसरत जातं. चांगला फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो. साठ फुटांवरून मारला तरी गोलीला अर्धा सेकंद मिळत नाही.

भाची : मग बघून अडवणं शक्यच नाही.

मी : फटका सुटल्यावर बघत बसलं तर नाही. आधीच योग्य जागी उभं राहावं लागतं. जा, स्वयंपाकघरातून सुतळी, लिंबू आणि पाण्याची बाटली आण. आधी ते स्केट्स काढ.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची मी मधोमध ओढली. तिचे पुढचे दोन पाय म्हणजे गोलचे खांब. दोन्ही पायांना सुतळी बांधून दोन्ही टोकं पाच फुटांवर एकत्र आणली आणि त्यावर लिंबू ठेवलं. जमिनीवर सुतळीचा लांबट त्रिकोण झाला.

मी : लिंबू म्हणजे पक. बाटली म्हणजे तू. ती खुर्चीच्या पायांच्या बरोबर मध्ये ठेव. दोन्ही बाजूंना किती जागा उरली?

भाची : चांगली वीतभर.

मी : आता बाटली लिंबाकडे सरकव. हळूहळू.

भाची : अरे! दोन्हीकडून सुतळी टेकली. आता कुठूनच जागा नाही.

मी : बाटली जाडी झाली का?

भाची : नाही. पुढे आली.

मी : याला अँगल कापणं म्हणतात. बर्फावर काय, टर्फवर काय, तुझ्या रिंकवर काय, गोलीचं अर्धं शिक्षण या सुतळीत आहे. आता बाटली तिथेच ठेव आणि लिंबू एकदम उजवीकडे ने. समोरच्याने पास दिला असं समज.

भाची : गेला! मागे सगळं उघडं.

मी : म्हणून जास्त पुढे यायचं नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, लिंबू हललं की आपण हलायचं. प्रेक्षकाला वाटतं, हा नुसता उभा आहे. जाड्या पोराला गोलमध्ये ढकलणाऱ्या सगळ्या मास्तरांना ही बाटली दाखवायला हवी.

भाची : लागतं का खूप?

मी : ही करंगळी बघ. सरळ होत नाही. पण आम्ही सुखी. पूर्वी गोली उघड्या तोंडाने उभे राहायचे. माँट्रियलचा झाक प्लांट. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या मॅचमध्ये पक थेट तोंडावर बसला. आत जाऊन टाके घातले आणि तो मुखवटा लावून परत आला. कोचला मुखवटा पसंत नव्हता. प्लांट म्हणाला, त्याशिवाय उतरणार नाही. तेव्हा दुसरा गोली बाकावर तयार बसवायची पद्धत नव्हती, म्हणून त्याचं ऐकावं लागलं. त्यानंतर मुखवटा रुळला.

भाची : आणि यावर पोट भरतं?

मी : तिथे भरतं. केरी प्राइस नावाच्या गोलीने आठ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला होता. पण मोजून बघ. त्या एनएचएल नावाच्या लीगमध्ये टीम ३२. प्रत्येकीत गोली साधारण दोन. अख्ख्या जगातून चौसष्ट जण, आणि त्यातले निम्मे रोज बाकावर. फॉरवर्डला पाच मिनिटं तरी सोडतात. गोलीचं तसं नाही. पुढचा पडेपर्यंत तुझा नंबर लागत नाही. डॉमिनिक हाशेक लीगच्या १९८३ च्या खेळाडू-निवडीत १९९ वा होता. एनएचएलमध्ये पहिली मॅच मिळाली तेव्हा वय पंचवीस. पुढे सर्वोत्तम गोलीचा व्हेझिना करंडक त्याने सहा वेळा घेतला, आणि १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचे पाचही शूटआउट अडवले.

भाची : आणि बाकावरचाही पडला तर?

मी : ते झालंय. २२ फेब्रुवारी २०२०, टोरंटो. पाहुण्या कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी. अशा वेळेसाठी तेव्हा यजमान मैदानावर एक राखीव माणूस ठेवायचे, तो कुठल्याही टीमला द्यायचा. तो होता डेव्हिड एअर्स. वय बेचाळीस, रिंकचा बर्फ सारखा करायची गाडी चालवायचा, किडनी बदललेली. पहिले दोन फटके आत गेले.

भाची : अरेरे.

मी : पुढचे आठ अडवले. कॅरोलायना ६-३ ने जिंकली.

भाची : हे सगळं तिकडचं. आपल्याकडे कुठे बर्फ!

मी : लेहला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तळी गोठतात, तेवढाच सीझन. आपल्या मुलींची आइस हॉकी टीम २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तिची एक गोली लेहची नूर जहाँ, जिचा पोटापाण्याचा धंदा म्हणजे जुनी भित्तिचित्रं आणि थांगका दुरुस्त करणं. आपल्याकडे आइस हॉकीच्या गोलीचं करिअर म्हणजे सध्या हे एवढंच. म्हणून आपण आपल्या हॉकीचे गोली बघू. आकाश चिकटे माहीत आहे?

भाची : नाही.

मी : यवतमाळचा. त्याच्या पुढे होता श्रीजेश, जो २००६ ते २०२४ इतकी वर्षं भारताकडून खेळला. २०१६ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत श्रीजेश जखमी झाला आणि फायनलला, पाकिस्तानसमोर, आकाश उतरला. ३-२ ने जिंकलो. पुढच्या वर्षी भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्ध ३-३ झालं आणि शूटआउट त्याने काढून दिला. मुंबईचा सूरज करकेरा हाही त्याच रांगेत होता. चांगलं असूनही रांगेत राहणं, हा या धंद्याचा भाग आहे.

भाची : मग सगळ्यात भारी कोण?

मी : आकड्यांनी विचारशील तर नागपुरात जन्मलेला रिचर्ड ॲलन. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये भारताने २९ गोल केले, त्याच्यावर एकही नाही. तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून झाले फक्त दोन. त्यातला एक १९३२ ला अमेरिकेविरुद्ध, आपण २४-१ ने जिंकलो तेव्हाचा. सांगतात की ॲलन तेव्हा गोलमागे प्रेक्षकांना सह्या देत होता.

भाची : काहीतरीच!

मी : मला ती गोष्ट खरी असावीशी वाटते. बिचाऱ्याकडे चेंडूच येत नसणार. पण मला विचारशील तर शंकर लक्ष्मण. महूचा. १९४७ ला पोरवयात फौजेच्या बँडमध्ये भरती झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपल्यावर एकही गोल झाला नाही, गोलमध्ये तो. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानकडून फायनल एका गोलने हरलो, तेव्हाही तोच. तो एक गोल लोकांनी त्याला चार वर्षं ऐकवला असणार. १९६४ ला तोक्योत पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-० आणि या वेळी आपण वर. अंगावर काय, तर साधे पॅड. तोंडावर काहीच नाही.

भाची : आणि मग?

मी : १९६६ ला बँकॉकच्या आशियाई खेळांत कॅप्टन. गोलीला भारताचं कॅप्टन केलं ते पहिल्यांदाच, आणि सुवर्ण आणलं. १९६७ ला पद्मश्री. १९६८ च्या मेक्सिकोला निवडलं नाही. त्याने स्टिक ठेवली ती ठेवलीच. १९७९ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. २००६ मध्ये महूलाच गेला, पायाला गँगरीन झालं होतं. शेवटची वर्षं हलाखीत गेली.

भाची थोडा वेळ सुतळीशी खेळत बसली. मी स्टूल घेऊन माळ्यावरची गोणी उतरवली. कापूस भरलेले पॅड, पट्ट्यांची बक्कलं गंजलेली, वास अजून तोच. तिने एक पॅड पायाला लावून पाहिला. तो मांडीपर्यंत गेला.

भाची : ई! हे घालून तू उभा राहायचास?

मी : आणि पावसात भिजले की दुप्पट जड व्हायचे. तू हे घालायचं नाहीस. नवीन घेऊ, आणि सगळ्यात आधी हेल्मेट, जाळीचं. क्रिकेटचं नाही, हॉकीच्या गोलीचं. ते मिळेपर्यंत सरांना सांग, मामा नाही म्हणाला.

भाची : म्हणजे गोलमध्ये उभी राहू?

मी : तू ठरव. बाटली तर तू बरोबर सरकवलीस.

भाची : मामा, खरं सांग. तुझ्या शेवटच्या मॅचमध्ये तुझ्यावर किती गोल झाले?

मी : सात.