आधी वारा, मग तोरा

बाळा, भाड्याच्या गननं पेंटबॉल खेळून झालं आणि आता स्वतःचा मार्कर, म्हणजे पेंटबॉलची गन, हवाय, असं वहिनी फोनवर सांगत होती. तिला काळजी वाटते गोळ्यांची. मला काळजी वाटते ती तू दुकानात शिरून सगळ्यांत चकचकीत दिसेल तो उचलशील याची. तुझ्या भावांच्या पायी मी इथे इंडियाना-ओहायोतली मैदानं पुष्कळ पाहिली. दिवसभराचे पैसे भरून पार्किंगमध्ये डिकी उघडून बसलेली, मांडीवर मार्करचे सुटे भाग घेतलेली पोरंही पाहिली. तू त्या पोरांत नसावास म्हणून हे लिहितेय. एका बैठकीत वाच आणि खिशात ठेव.

१. मार्करच्या आधी मास्क घे. पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ१७७६ मानकाचा आणि दुहेरी काचेचा — साध्या काचेवर घामाची वाफ धरते, आणि ती पुसायला भर मैदानात मास्क वर केला की डोळा गेलाच म्हणून समज.

२. पैसे मास्क, हवेची टाकी, गोळ्या पुरवणारा लोडर आणि शेवटी मार्कर या क्रमानं वाट — चांगली टाकी आणि चांगला लोडर पुढच्या दोन-तीन मार्करना पुरतो, तुझी मार्करची आवड मात्र वर्षभरात बदलणार. आमच्या घरचं वाक्य लक्षात ठेव: आधी वारा, मग तोरा.

३. सेकंदाला किती गोळ्या सुटतात या आकड्यावर भाळू नकोस — बहुतेक मैदानं त्यावर मर्यादा घालतात, आणि गोळ्यांची पेटी तुझ्याच खिशातून रिकामी होते. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी पहिला खेळ झाला, तेव्हा बारा जणांच्या हातात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची नेल-स्पॉट ००७ होती. दर गोळीआधी हातानं बोल्ट, म्हणजे गोळी ढकलणारा भाग, मागेपुढे करावा लागे. त्या दिवशी जिंकलेला रिची व्हाईट एकही गोळी न झाडता खेळात गोळा करायचे सगळे झेंडे घेऊन आला. जास्त गोळ्या, जास्त शहाणपण, असं त्या दिवसापासूनच नाही.

४. दुकानदाराला विचार, "हा माझ्यासमोर उघडून दाखवता का?" — दोन मिनिटांत बोल्ट बाहेर आला तर तुझ्याही हातानं येईल. तो "कशाला, याला काही होत नाही" म्हणाला तर पुढच्या कपाटाकडे वळ.

५. खोलता येईल तोच घे, जोडता येईल तेवढाच खोल — मार्कर गोळी झाडल्यानं कमी बिघडतात, अर्धवट माहितीनं उघडल्यानं जास्त.

आता नावं. सगळीच सांगत बसणार नाही. ज्यांच्याबद्दल छातीवर हात ठेवून बोलता येईल तेवढीच.

६. टिपमन ९८ ला जुना म्हणून नाक मुरडू नकोस — ही फोर्ट वेनची, म्हणजे तुझ्याच राज्यातली कंपनी, आणि तिच्या या मार्करचे भाग जवळपास कुठल्याही दुकानात मिळतात. आत हॅमर, बोल्ट, स्प्रिंग, व्हॉल्व्ह, एवढाच संसार. चिखलात पडला तरी पुसून पुन्हा चालतो, आणि दाबाची हवा असो वा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), दोन्ही पचवतो. खोट एकच, की आतपर्यंत पोचायला ॲलन की घेऊन अंगाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. ते करताना आधी फोनवर फोटो काढ — स्प्रिंग उडून गवतात गेली की कुठली कुठे होती हे आठवणीवर जुळत नाही.

७. रानातच खेळायचं असेल आणि लोडरच्या बॅटरीची कटकट नको असेल, तर टिपमनचाच ए-५ बघ — त्याचा सायक्लोन फीड गोळी झाडताना वाया जाणाऱ्या वायूवरच फिरतो.

८. माझ्या मनातला मार्कर मात्र प्लॅनेट एक्लिप्सचा ईमेक. यंत्र पूर्ण यांत्रिक, बॅटरी नाही, आणि बोल्ट मागून अवजाराशिवाय निघतो — म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच असतानाही, तो पुसून ग्रीस लावून परत बसवता येतो. आतली गॅमा कोर नावाची रचना ही कंपनी आपल्या महागड्या मार्करमध्येही वापरते, त्यामुळे ग्रीस, रबरी रिंगा आणि माहितगार माणसं तिन्ही सहज सापडतात. बोल्ट गोळीला हळुवार ढकलतो. पातळ कवचाची गोळी नळीतच फुटायचं प्रमाण त्यामुळे कमी राहतं. धक्का कमी, आवाजही कमी. इतका वेळ मी याच्याबद्दल बोलतेय त्यावरून काय ते समज.

९. इलेक्ट्रॉनिक हवाच असेल तर घे, वाईट नाही. पण 'आईज', म्हणजे गोळी जागेवर बसली की नाही हे बघणारे सेन्सर, दर खेळानंतर पुसायची सवय असेल तरच घे — त्यांच्यावर रंगाचा थर बसला की मार्कर गोंधळतो, आणि तू बॅटरीला दोष देत बसतोस.

१०. कंपनी आज चालू आहे का, हे घेण्याआधी बघ. २००५ सालचा स्मार्ट पार्ट्सचा आयॉन आपल्या काळात पोरांच्या खिशाला परवडलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक मार्कर. कंपनी २०१० साली बंद झाली — आता जुना आयॉन कुणी फुकटात दिला तरी त्याच्या सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते. ज्याचा पार्ट मिळेना, त्याचा थाट टिकेना.

११. बॅरलचे, म्हणजे नळीचे, आटे विचारून घे — टिपमन ९८ चे वेगळे, ए-५ चे वेगळे, आणि बरेचसे मार्कर, ईमेकसुद्धा, 'ऑटोकॉकर' आट्यांचे असतात. या शेवटच्या प्रकारात नळ्यांची निवड सगळ्यांत मोठी. मित्राची नळी उसनी लावून बघता येते, हा फायदा काही लहान नाही.

१२. लांब नळीनं नेम सुधारतो असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे — नळीचा व्यास गोळीला जुळणं लांबीपेक्षा महत्त्वाचं. गोळी नळीत ठेव. आपोआप घरंगळली तर नळी मोठी, फुंकर मारून हलेना तर लहान, फुंकरीनं सुटली तर जमली जोडी. गोळ्या .६८ च्या म्हणतात, पण जिलेटिनचं कवच दमट हवेत फुगतं, म्हणून ही परीक्षा त्या त्या दिवसाच्या गोळीवर कर.

१३. जुना मार्कर घेताना हवा भरलेली टाकी लावूनच बघ, आणि आजूबाजूचा गोंगाट थांबवून कान जवळ ने — बारीक 'स्स्स' ऐकू येते ती गळती. विकणारा "एवढं चालतं" म्हणाला, तर किंमत तेवढी उतरायला हवी.

१४. स्क्रूची डोकी बघ — घासून गोल झाली असतील तर आधीच्या मालकाला अवजार धरता येत नव्हतं, आणि आतली कामंही त्यानं त्याच हातानं केली आहेत.

आता हवेबद्दल. इथे थोडं थांबते, कारण मार्करच्या निम्म्या तक्रारी मुळात हवेच्या असतात.

१५. जमेल तिथे सीओटू सोड आणि दाबाच्या हवेवर ये — सीओटू टाकीत द्रवरूपात असतो, तो द्रव दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरात शिरला की रिंगा गोठतात. त्याचा दाबही तापमानाबरोबर खालीवर होतो: २१ अंश सेल्सिअसला साधारण ८५० पीएसआय, थंडीत त्याहून बराच कमी. आपल्याकडच्या नोव्हेंबरात सकाळी गोळी पायाशी पडते आणि दुपारी उन्हात तीच मर्यादेबाहेर जाते.

१६. सुरुवातीला ४८ घन इंचाची, ३००० पीएसआयची ॲल्युमिनियमची टाकी पुरे. हलकी हवी असेल तर ६८ घन इंच, ४५०० पीएसआय, कार्बन फायबरची — पण ३००० च्या टाकीत ४५०० भरायचा हट्ट कधी करू नकोस, आणि भरणाऱ्यालाही घाई करू देऊ नकोस. भरभर भरलेली टाकी तापते. थंड झाली की काटा खाली येतो आणि तुला वाटतं फसवलं.

१७. टाकीवरची तपासणीची तारीख वाच — साधारण दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी करावी लागते, तारीख उलटलेली टाकी चांगल्या मैदानावर भरून देत नाहीत. स्वस्तातल्या जुन्या टाकीची खरी किंमत म्हणजे तिची किंमत अधिक तपासणीचा खर्च.

१८. टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह या दोहोंवरून जाणारी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढ. बाटली माझ्याकडून ने — टाकी काढताना रेघ तुटलेली दिसली, तर मार्करमधून टाकी सुटत नाहीये, टाकीतून व्हॉल्व्ह सुटतोय. तिथेच हात थांबव, उलट फिरवून घट्ट कर आणि जाणत्या माणसाला बोलाव. सुटलेल्या व्हॉल्व्हनं टाकी उडून माणसं दगावली आहेत. या सगळ्या कागदातला एकच मुद्दा पाळणार असशील, तर हा पाळ.

१९. काही उघडण्याआधी हवा बंद कर, उरलेली हवा सुरक्षित दिशेला झाडून संपव आणि मग टाकी काढ — दाब आत असताना फिरवलेली टाकी तोंडाशी असलेली रिंग चिरते.

२०. ती रिंग ०१५ नंबरची. पाकीटच घे आणि दोन-चार नेहमी मास्कच्या पिशवीत ठेव. युरेथेनची असेल तर जास्त टिकते — कुकरची रिंग गेली की डाळ तशीच राहते, तसंच हे. काही पैशांची रिंग नाही म्हणून शेकडो डॉलरचं सामान झाकून ठेवावं लागतं. रिंग शाबूत, तर खेळ काबूत.

२१. घरातला गंजनाशक फवारा किंवा शिलाई मशीनचं तेल मार्करला लावू नकोस — खनिज तेलानं रिंगा खराब होऊ शकतात. ईमेकसारख्याला कंपनीनं सांगितलेलं ग्रीस किंवा डाऊ ३३. टिपमनला मार्करसाठी मिळणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब. जास्त लावलं म्हणजे जास्त माया केली असं होत नाही.

२२. टाकीच्या भरायच्या तोंडात मात्र तेलाचा थेंबही नको — जास्त दाबाच्या हवेशी तेलाची गाठ पडली तर ते पेट घेऊ शकतं.

२३. मैदानावरून आल्यावर आंघोळीआधी मार्कर पूस. नळीतून ओला फडका, मग कोरडा. फुटलेला रंग पाण्यात विरघळतो — त्याच दिवशी पाच मिनिटांचं काम, पुढच्या शनिवारी अर्ध्या तासाचं. मग बोल्ट काढ, जुनं ग्रीस पुसून पातळ नवं लाव.

२४. उरलेल्या गोळ्या हवाबंद पिशवीत, घरातल्या सावलीत ठेव; फ्रीझरमध्ये टाकू नकोस — कवच ठिसूळ होऊन मार्करच्या आतच फुटतात. आणि मग तू मार्करला नावं ठेवतोस.

२५. क्रोनोग्राफवर सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा वेग मोज. बाहेरच्या बहुतेक मैदानांवर सेकंदाला २८० फूट, फार तर ३०० — त्यावर गेलेली गोळी नुसता वळ उठवत नाही, कातडी फोडू शकते. वेग एकसारखा येतोय का हे बघ. आकडे वरखाली उड्या मारत असतील, तर रेग्युलेटर किंवा रिंग तुला काही सांगतेय.

२६. मैदानाबाहेर पाऊल पडताच नळीवर कापडी टोपी, दोरी मागे अडकवलेली — सेफ्टीचं बटण चुकून सरकतं, टोपी सरकत नाही. डिकीतसुद्धा टोपीसकटच, आणि उन्हात उभ्या गाडीत भरलेली टाकी ठेवायची नाही.

२७. दिवाळीला पुण्याला जाताना टाकी बॅगेत घालू नकोस — अमेरिकेतल्या विमानतळांवर व्हॉल्व्ह पूर्णपणे काढलेली टाकीच सोडतात, आणि व्हॉल्व्ह काढणं हे आपलं काम नव्हे. ती माझ्या तळघरात राहील.

२८. पहिले दोन महिने मार्करला काहीही जोडू नकोस, ना नवा ट्रिगर, ना दुर्बीण — मूळ मार्कर कसा वागतो हे कळल्याशिवाय, बदलानं सुधारला की बिघडला हे सांगता येत नाही. या खेळात पैसे सगळ्यांत जास्त जातात ते याच खिडकीतून.

तर बाळा, माझा कौल असा: नवा घेत असशील तर ईमेक, हात आखडता असेल तर चांगला सांभाळलेला जुना टिपमन ९८. त्यासोबत ॲल्युमिनियमची टाकी, साधा लोडर, रिंगांचं पाकीट आणि ग्रीसची एक डबी. पैसे उरले तर ते मास्कवर घाल. जुना बघायला जाशील तेव्हा स्क्रूंचे आणि टाकीवरच्या तारखेचे फोटो मला आधी पाठव. मी हो म्हणेपर्यंत पैसे देऊ नकोस.