कार्यगटांची परिणामकारकता : देवनहळ्ळीचा अनुभव

कोणत्याही संस्थेचे यश तिच्या इमारतीवर, यंत्रसामग्रीवर व भांडवलावर जितके अवलंबून असते, तितकेच ते तेथील माणसे एकत्रितपणे कसे काम करतात यावरही अवलंबून असते. विकासाच्या चर्चेत या दुसऱ्या घटकाकडे बहुधा दुर्लक्ष होते. बंगळुरूच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे उभारलेल्या विमानतळाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या विमानतळाचे बांधकाम जुलै 2005 मध्ये सुरू झाले. केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांचा 26 टक्के आणि खासगी भागीदारांचा 74 टक्के वाटा अशी प्रारंभीची रचना होती. काम सुरू असतानाच प्रवाशांची अपेक्षित संख्या वाढल्याने आराखडा बदलून क्षमता वाढविण्यात आली. तरीही सुमारे 32 महिन्यांत बांधकाम पूर्ण झाले आणि उद्घाटनासाठी 30 मार्च 2008 हा दिवस ठरला. प्रत्यक्षात विमानतळ सुरू झाला तो 24 मे 2008 रोजी. हवाई वाहतूक नियंत्रण सेवेची सिद्धता वेळेत होऊ न शकणे हे या विलंबाचे एक प्रमुख कारण होते. धावपट्टी व प्रवासी इमारत उभी होती. पण विमानतळ म्हणजे केवळ धावपट्टी आणि इमारत नव्हे. बांधकाम एका यंत्रणेकडे, हवाई वाहतुकीचे नियंत्रण दुसरीकडे, सुरक्षा तिसरीकडे व सीमाशुल्क तपासणी चौथीकडे असते. यांपैकी एकही यंत्रणा मागे राहिली, तर इतरांनी वेळेत केलेले काम निरुपयोगी ठरते.

संख्या आणि सामर्थ्य

अधिक माणसे म्हणजे अधिक काम, हा समज फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमन याने फार पूर्वी खोटा ठरविला. दोर ओढण्याच्या त्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. गटातील माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाच्या बळाचा सरासरी वाटा घटत गेला. आठ जणांच्या गटात तो जवळपास निम्म्यावर आला. प्रयत्नांचा मेळ न बसणे हे याचे एक कारण. आणि आपला वाटा वेगळा दिसत नाही म्हणून हात सैल सोडणे हे दुसरे.

यावरील उपाय भारतातच शोधला गेला. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतके वाढत नव्हते. प्रत्येक कामगार आपल्या ठरावीक कामापुरता पाहत होता. मागांच्या एखाद्या संचाची संपूर्ण जबाबदारी कोणावरच नव्हती. 1953 मध्ये ए. के. राइस या संशोधकाच्या सहकार्याने कामगारांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपविण्यात आले. त्यानंतर उत्पादन वाढले व सदोष कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते. बदलली ती कामाची रचना.

बोलण्याची मुभा

परंतु गट लहान करून जबाबदारी ठरविली म्हणजे सर्व साधले असे नाही. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन 583 जण मृत्युमुखी पडले. दाट धुके व संदेशांतील संदिग्धता ही कारणे होतीच. शिवाय एका विमानातील उड्डाण अभियंत्याने दुसरे विमान धावपट्टीवरून हटले आहे काय, अशी शंका विचारूनही अनुभवी कप्तानाने ती बाजूला सारली होती. अशा दुर्घटनांच्या अभ्यासातून पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणाची नवी पद्धत घडली. कनिष्ठाने शंका स्पष्टपणे मांडावी व वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, हा तिचा गाभा होय.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेला रुग्णालयांच्या अभ्यासात प्रथमदर्शनी उलटा वाटणारा निष्कर्ष आढळला : चांगल्या नेतृत्वाखालील गटांत चुकांची नोंद अधिक होती. तेथे चुका अधिक घडत होत्या असे मानण्याचे कारण नाही. त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या, हे त्याचे संभाव्य स्पष्टीकरण होय. ज्या कार्यालयात एकही चूक नोंदली जात नाही, तेथील कारभाराकडे म्हणूनच अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

सांध्यांची काळजी

विमान उतरल्यापासून पुन्हा उड्डाण करेपर्यंतच्या अल्पावधीत इंधन भरणे, सफाई, सामानाची चढउतार व प्रवाशांची तपासणी ही कामे निरनिराळ्या संस्थांचे कर्मचारी करतात. त्यांचा मालक एक नाही व वेतनश्रेणीही एक नाही. त्यांना जोडणाऱ्या बाबी दोनच : उड्डाणाची समान वेळ आणि सर्वांना एकाच वेळी मिळणारी माहिती. ‘माझे काम संपले’ याऐवजी ‘विमान निघाले का?’ हा प्रश्न प्रत्येकाचा झाला, तरच हा विखुरलेला समूह कार्यगट ठरतो.

जिल्हा नियोजन, पाणीपुरवठा वा लसीकरण अशा कार्यक्रमांतही अनेक खाती एकत्र येतात. जलवाहिनी टाकली जाते, पण वीजजोडणी नसते. दवाखाना उभा राहतो, पण कर्मचारी नेमले जात नाहीत. अशा ठिकाणी नवी समिती नेमण्यापूर्वी चार गोष्टी निश्चित व्हाव्यात : समान उद्दिष्ट, दोन खात्यांमधील सांध्याची जबाबदारी, माहितीची मोकळी देवाणघेवाण आणि कनिष्ठाच्या शंकेला मान. देवनहळ्ळीत उद्घाटनाचा दिवस पुढे ढकलता आला. परंतु पाण्याची वाट पाहणाऱ्या गावाला व उपचार न मिळालेल्या रुग्णाला अशा विलंबाची किंमत स्वतः मोजावी लागते.