नळाच्या पाण्याचे गुपित

उन्हात काम करणाऱ्या माणसाचा घाम ओठांवर ओघळला, की तो खारट लागतो. अश्रूही खारटच असतात. मोठ्या माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. परंतु ते नुसते पाणी नव्हे. त्यात निरनिराळे क्षार विरघळलेले असतात. या क्षारांचे शरीरात काय काम असते, हे उलगडण्यास एका बेडकाचे हृदय आणि एक साधी चूक कारणीभूत झाली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर होते. रोग्यांची सेवा सांभाळून ते प्रयोगशाळेतही काम करीत. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढले, तरी योग्य द्रव मिळाल्यास ते कित्येक तास धडधडत राहते. मग रक्ताची जागा कोणता द्रव घेऊ शकेल? रिंगर यांनी एक लिटर पाण्यास साडेसात ग्रॅम या प्रमाणात मीठ घेऊन प्रयोग केले. त्या खाऱ्या पाण्यावर हृदय चांगले चालले. १८८२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्धही झाले.

पुढे हाच द्रव त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्यात तयार केला. मीठ तेच, प्रमाणही तेच. पण हृदयाचे ठोके मंदावत गेले आणि थोड्याच वेळात ते थांबले. असे का व्हावे? रिंगर यांनी कसून शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला. पूर्वीचा द्रव ऊर्ध्वपातित पाण्याचा नव्हताच; तो साध्या नळाच्या पाण्याचा होता! ते पाणी १६१३ साली पुऱ्या झालेल्या ‘न्यू रिव्हर’ नावाच्या कालव्यातून येई. खडूसारख्या पांढऱ्या चुनखडीच्या प्रदेशातील झरे हा त्याचा उगम. म्हणून त्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, किंचित अंश होता. रिंगर यांनी शुद्ध पाण्याच्या द्रवात कॅल्शियमचा क्षार अल्प प्रमाणात मिसळला आणि हृदय पुन्हा चालू लागले. मात्र कॅल्शियमचा जोर वाढला, तर हृदय आकुंचन पावते, पण नीट सैल होत नाही. त्याला आवर घालण्यास थोडे पोटॅशियमही लागते, हेही त्यांना आढळून आले.

पहिला लेख छापून झाला होता आणि आपली चूक झाकून ठेवणे रिंगर यांना अवघड नव्हते. परंतु १८८३ साली त्यांनी दुसरा लेख लिहिला आणि पूर्वीचे पाणी नळाचे होते, हे त्याच्या आरंभीच स्वच्छ सांगून टाकले. चूक उघड केल्यामुळेच शोध पुरा झाला.

या शोधाचे मर्म आज अधिक स्पष्ट झाले आहे. शरीरातील पेशींच्या बाहेर सोडियम अधिक असते आणि आत पोटॅशियम अधिक असते. मज्जातंतूतून संदेश धावतो, तेव्हा क्षणभर सोडियम आत शिरते, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडते आणि संदेश पुढे सरकतो. तो स्नायूला पोचला, की स्नायूतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे होते. सूक्ष्म तंतू एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. हातापायांचे स्नायू मुख्यतः या साठ्यावरच काम करतात. हृदयाला मात्र प्रत्येक ठोक्यास बाहेरचेही थोडे कॅल्शियम लागते. म्हणूनच निव्वळ मिठाच्या पाण्यात ते थांबले.

रिंगर यांच्या द्रवात पुढे अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी लॅक्टेटची भर घातली. अतिसाराने शरीरातील पाणी आटलेल्या किंवा अपघातात रक्त गेलेल्या रोग्याच्या उशाशी आज जी बाटली टांगलेली दिसते, तिच्यावर पुष्कळदा ‘रिंगर लॅक्टेट’ असे लिहिलेले असते. एका चुकीच्या प्रामाणिक कबुलीतून निघालेला हा धागा आज असंख्य रोग्यांच्या जीवनाला आधार देत आहे.

शब्दार्थ

ऊर्ध्वपातित पाणी – वाफ करून पुन्हा थंड केलेले शुद्ध पाणी
आकुंचन – आखडणे
मर्म – खरे रहस्य
अतिसार – वारंवार पातळ जुलाब होणे

स्वाध्याय

१. शुद्ध पाण्याच्या द्रवात बेडकाचे हृदय का थांबले?
२. रिंगर यांच्या दुसऱ्या लेखावरून त्यांचा कोणता गुण दिसून येतो?
३. ‘कारणीभूत होणे’ व ‘आवर घालणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.