चार फुटांचा घाट: खर्च कशावर, किती आणि कधी

घरात छोटी रेल्वे उभी करायची हौस असलेले बहुतेक जण आधी इंजिन विकत घेतात. पेटीतले रूळ गोल जोडतात, गाडी आठवडाभर फिरवतात, मग पेटी माळ्यावर जाते. माझं सांगणं उलट आहे: गाडी सगळ्यात शेवटी घ्या. डोंगर, बोगदा, झाडं, खडी हे सगळं मिळून महिन्याच्या किराण्याहून स्वस्त पडतं. मोठा पैसा जातो तो इंजिन, डबे आणि रुळांत. आधी देखावा करून हात बसला, की कोणती गाडी घ्यायची ते तुमचं तुम्हालाच कळतं. पुढचे भाव मला पुण्यात पडलेले आहेत. तुमच्या गावात थोडं कमी-जास्त होईल.

पहिला प्रश्न मापाचा. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ माप, म्हणजे १:८७. त्यात रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, ८७ने भागला तर १९ मिलिमीटरच्या थोडा वर. म्हणजे बाजारातल्या रुळांवर आपली गाडी जरा अरुंद पायांवर उभी दिसणार. हे आधीच स्वीकारा, नाहीतर रूळ हाताने बनवण्याची वेळ येते आणि ते नवख्याचं काम नाही. दुसरं, लांबी. एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटरचा, १:८७ मध्ये २७ सेंटिमीटर. चोवीस डब्यांची एक्सप्रेस लावायची तर साडेसहा मीटर जागा हवी. फ्लॅटमध्ये इंजिन आणि तीन डबेच शोभतात.

बार्शी लाइट रेल्वेच्या मुलखातल्या वाचकांसाठी एक आनंदाची गोष्ट. तो जुना अरुंद मार्ग ७६२ मिलिमीटरचा होता. १:८७ मध्ये ते अंतर पावणेनऊ मिलिमीटर येतं, आणि एन मापाचे, म्हणजे १:१६० चे तयार रूळ ९ मिलिमीटरचे असतात. जवळजवळ तंतोतंत. डबे मात्र कार्डबोर्डचे स्वतः बांधावे लागतील.

मी नवख्यांना एकच काम सुचवतो: चार फूट बाय एक फुटाची फळी आणि तिच्यावर बोरघाटाचा एक तुकडा. वर्तुळ नको. एचओ मापात पूर्ण वळण घ्यायला साडेतीन-चार फूट रुंदी लागते आणि ती पलंगाएवढी जागा घरातल्यांशी भांडून मिळवावी लागते. कर्जत-लोणावळ्याचा चढ १:३७ आहे. चार फुटांत तो अवघा ३३ मिलिमीटर होतो, पण मागच्या कड्यासमोर डोळ्यांना तो चढ स्पष्ट जाणवतो.

फळीसाठी १२ मिलिमीटर प्लाय घ्या. अख्खी शीट घेऊ नका. लाकडाच्या वखारीत किंवा सुताराकडे उरलेला तुकडा ३५० रुपयांपर्यंत मिळतो आणि तो कापूनही देतात. डोंगराच्या पोटासाठी टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल वापरा, फुकटात. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि पॅकिंगचा तसाही कचऱ्यातच जातो. यावर स्प्रे पेंट किंवा तीव्र वासाचा चिकटद्रव कधीही मारू नका. माझा पहिला कडा स्प्रेच्या एका हातात विरघळून खड्डा झाला होता. पांढरा फेविकॉल आणि पाण्यातले रंग एवढंच चालतं.

आता कडा, कारण सगळा देखावा त्याच्यावर उभा असतो. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याच्या थरांचा आहे, म्हणून घाटातल्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. परदेशी पुस्तकांतले टोकदार, तिरपे खडक इथे करू नका, ते लगेच परके वाटतात. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद चुरगळा, अर्धवट उलगडा आणि त्यात दाट पीओपी ओता. वीस मिनिटांनी कागद सोला. निघालेले तुकडे आडवे, एकावर एक थोडे मागे सरकवत चिकटवा आणि फटींत ओला पीओपी बोटाने दाबा. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या. मग काळी शाई दहापट पाण्यात मिसळून वरून ओघळू द्या. ती खाचांत थांबते, उंचवट्यांवरून सरकते, आणि पांढरा तुकडा पाच मिनिटांत दगड होतो. हे घडताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बायकोला हाक मारून बोलावलं होतं. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग कडांवरून फिरवा, आणि पाणी झिरपतं तिथे तपकिरीची एक उभी रेघ ओढा. पाच किलो पीओपीला १३० रुपये, शाई आणि रंगांना ३००.

बोगद्याचं तोंड सनबोर्डच्या तुकड्यातून कापा, जाहिरात फलकवाल्याकडे कातरण सहज मिळतं. वरचा कागद सोलून, शाई संपलेल्या रिफिलने चिरे कोरायचे. ब्रॉडगेजचा डबा सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे आपल्या मापात ३७ मिलिमीटर. सरळ मार्गावर तोंड ६० मिलिमीटर ठेवलं की निभतं, वळणावर आणखी सैल लागतं. गाडी नंतर येणार असल्यामुळे याच मापाचा पुठ्ठ्याचा डबा करून तो आरपार सरकवून पाहा, मगच चिकटवा.

झाडोऱ्याआधी ऋतू ठरवा. जुलैतला घाट आणि एप्रिलमधला घाट एका फळीवर नांदत नाहीत. हिरवळीसाठी वखारीतला बारीक भुसा मैद्याच्या चाळणीने चाळा, पातळ रंगात बुडवून वर्तमानपत्रावर वाळवा. निदान तीन छटा करा, एकच हिरवा रंग असला की गालिचा वाटतो. वापरलेली चहापत्ती वाळवून टाका असा सल्ला मिळेल. मी टाकली होती, पहिल्याच जूनमध्ये तिला बुरशी आली. भुसाच बरा. वाळलेल्या गवतासाठी नारळाचा काथ्या कापून उभा रोवा. झाडाचं खोड जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून होतं. उंचीत मात्र कंजुषी नको: बारा मीटरचं झाड आपल्या मापात १४ सेंटिमीटर भरतं, आणि नवखे लोक सगळी झाडं झुडपांएवढी करतात. तारा, काथ्या आणि भुसा मिळून १२० रुपये.

खडी विकतची नको. रुळांखालची खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची, म्हणजे आपल्याला अर्ध्या मिलिमीटरचा दाणा हवा. बांधकामावरची दगडाची कच धुऊन, वाळवून चहाच्या गाळणीतून गाळली की तो मिळतो, आणि रंगही आपल्याच दगडाचा असतो. रूळ बसवून कच पसरा, फवाऱ्याने पाणी मारा, मग एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. साबण नसला तर थेंब गोळी होऊन खडी ढकलतो. किलोभर फेविकॉल २८० रुपये, आणि सगळं काम होऊन उरतो.

कटर, स्टीलची पट्टी, चाळणी, ब्रश, ड्रॉपर यांचे ४०० धरले तर देखावा १,५८० रुपयांत होतो. लवचीक रुळांच्या गजभर लांबीच्या दोन पट्ट्यांना १,६०० जातात. बीआयएस नोंदणीचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, मोटरचा वेग बदलणारी छोटी पाटी, एलईडी आणि वायर यांचे ६००. प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावायचाच. आणि २३० व्होल्टच्या वायरला घरी हात घालायचा नाही, अॅडॉप्टरच्या पुढेच आपलं राज्य. एकूण ३,७८० रुपये आणि साधारण तीन महिन्यांचे रविवार.

गाडीचा हिशेब वेगळा. परदेशी कंपनीचा सुरुवातीचा संच दहा-बारा हजारांपासून पुढे जातो. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. परदेशातून मागवणार असाल तर आजचा दर आणि त्यावरचा जीएसटी आधी विचारा. विक्रेत्याच्या वेबसाइटवरचा आकडा दारापर्यंतचा नसतो. वापरलेलं इंजिन घेणार असाल तर रुळावर कमी वेगात चालवून दाखवायला सांगा. मला एकाने चालू म्हणून पाठवलेल्या इंजिनाचा दातेरी चाकांचा संच तडकलेला निघाला, आणि तो सुटा मिळेना. पैसे टाकण्याआधी कोथरूडचं, भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून या. ते १९९८ पासून सुरू आहे. तिथे गाडीपेक्षा गाडीच्या आजूबाजूला काय आहे ते बघत बसा.

खरेदी मे-जूनमध्ये उरका. गणपतीच्या आधी रंग, सनबोर्ड आणि पीओपीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, आणि भावही चढतात. पण पीओपीचं ओतकाम पावसाळ्यात नको, दोन दिवसांचं वाळणं आठवड्यावर जातं. प्लायला खालूनसुद्धा ऑइलपेंटचा हात द्या, नाहीतर ऑगस्टपर्यंत फळी वाकते आणि रुळांचे सांधे सुटतात. तयार देखावा प्लास्टिकने झाकू नका, आत दमट होतं. जुनी सुती साडी दुहेरी करून टाकली की धूळही अडते आणि हवाही खेळती राहते.